खिशात राहिलेलं

(कपडे धुऊन, इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानाची मागची खोली. सकाळचे अकरा. सासू आणि सून.)

सासू : नऊ आहेत. तुझ्या एप्रनच्या खिशात निघाल्या. मी दोनदा मोजल्या.

सून : तो चादरींचा गठ्ठा आधी घ्या. हॉटेलवाला बाराला येईल.

सासू : हॉटेलवाला गेला खड्ड्यात. रोज आठ वाजता माझ्यादेखत गोळी तोंडात टाकतेस, वर पेलाभर पाणी पितेस, आणि गोळी निघते खिशात? जादूगारीण आहेस का गं?

सून : गालात धरते. तुमची पाठ वळली की काढते.

सासू : आणि वर विचारतेस, "आई, चहा टाकू का?" नऊ दिवस! आणि मला ताकास तूर लागू दिली नाहीस.

सून : टाकून देणार होते. राहून गेलं.

सासू : तीस वर्षं मी लोकांचे खिसे तपासतेय. चाव्या निघाल्या, अंगठ्या निघाल्या, एका म्हाताऱ्याची कवळी निघाली. घरातल्या माणसाच्या खिशात हात घालायची मात्र आता मला धास्ती वाटते. का बंद केल्यास?

सून : तुम्हाला माहीत नाही का?

सासू : तू सांग.

सून : दवाखान्याचा कागद आला ना दहा दिवसांपूर्वी, हे कशाने गेले त्याचा. त्यात लिहिलंय, औषधाची रिअॅक्शन. हे ज्या गोळीने गेले तीच गोळी मी रोज सकाळी घेतेय, आई. तोच रंग, तीच बाटली, तेच झाकण. हातावर घेतली की मला यांचा चेहरा दिसतो. ओठ सुजलेले.

सासू : तुला तीन वर्षं झाली त्या गोळीवर. काही झालं का तुला?

सून : यांनाही चार महिने काही झालं नव्हतं. एका सकाळी झालं.

सासू : छकुलीकडे बघ. तू पोटुशी असताना एकही दिवस गोळी चुकवली नाहीस. पोरीचं रक्त एचआयव्हीसाठी तीनदा तपासलं, तिन्ही वेळा निर्धोक. ती काय माझ्या नवसाने? गोळ्यांनी झालं ते.

सून : म्हणून तर बंद केली. बाप गेला. आता अशीच एका सकाळी आईही गेली, तर तिच्याकडे कोण बघणार? हळूहळू आजारी पडले तर निदान चार वर्षं मिळतील मला. तिला शाळेत जाताना तरी बघेन.

सासू : असला कसला हिशेब मांडलास गं!

सून : माझ्यापाशी दुसरा नाही. गोळीने मारलं त्यांना.

सासू : नवीन गोळीने नाही मारलं.

सून : कागदावर लिहिलंय.

सासू : कागद काय लिहील? जे सांगितलं तेच लिहील. तिथे सांगायला मीच होते.

सून : म्हणजे?

सासू : इस्त्री बंद कर. बटण बंद कर आधी, हात भाजेल. बस इथे. नाही बसायचं? बरं, उभी राहा. तो वरचा पत्र्याचा डबा काढ.

सून : खिशातल्या वस्तूंचा?

सासू : तोच. तुझ्या सासऱ्यांनी दुकान टाकलं तेव्हापासून आपली रीत आहे, खिशात निघालेलं काही फेकायचं नाही. बटण असो नाहीतर चिठ्ठी, डब्यात पडतं. धनी आज नाही तर वर्षाने येतो, आणि आपण हसत काढून देतो. उघड. बटणांच्या खाली बघ.

सून : ही... आई, ही यांची पहिली बाटली. जुन्या औषधाची.

सासू : हो.

सून : ही परत दिली होती ना तुम्ही? यांनी मुद्दाम तुमच्याकडे दिली होती. "आई, गोळ्यांच्या केंद्रावर जाशील तेव्हा खिडकीवरच्या ताईंना परत कर, घरात ठेवू नकोस." मी समोर होते.

सासू : मी म्हटलं, दिली. दिली नव्हती. बाटलीत वीस-एक गोळ्या होत्या. माझ्याच्याने फेकवेना, परत द्यायलाही हात उचलेना. वाटलं, अडीअडचणीला उपयोगी पडतील.

सून : आई, डॉक्टरांनी दिलेल्या त्या लाल कार्डावर काय लिहिलं होतं? मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं. दोनदा.

सासू : दाखवलं होतंस.

सून : हे औषध या रुग्णाला पुन्हा कधीही द्यायचं नाही. एक गोळीसुद्धा नाही. पुन्हा घेतलं तर जिवावर बेतेल. कार्ड कायम पाकिटात ठेवा. असं लिहिलं होतं.

सासू : माझ्या एका कानाने आत गेलं नि दुसऱ्याने बाहेर. मला पटलंच नव्हतं. त्याला तेव्हा ताप आला, अंगभर चट्टे उठले, उलट्या झाल्या. डॉक्टरांनी गोळी बंद केली. पण त्याच आठवड्यात मी साबण बदलला होता ना? आपल्या धंद्यात चट्टे कुणाला उठत नाहीत? सोडा जास्त झाला की माझे हात कोपरापर्यंत सोलतात. मी जुना साबण परत आणला आणि पोराचं अंग स्वच्छ झालं. मी मनाशी म्हटलं, डॉक्टर उगाच बाऊ करतायत. होता साबण, नाव गोळीचं.

सून : आणि ताप? तापही साबणाचा?

सासू : तेवढा विचार मी केला नाही.

सून : पुढे बोला.

सासू : तू बहिणीच्या बाळंतपणाला गेलीस. तो शुक्रवार. गोळ्यांची बाटली संपत आली होती. पाच उरल्या होत्या, त्या त्याने कागदात बांधून शर्टाच्या खिशात ठेवल्या. सकाळी लवकर कपडे पोचवायला निघणार होता, वाटेत घेईन म्हणाला. आणि संध्याकाळी मी तोच शर्ट यंत्रात टाकला.

सून : खिसा न बघता?

सासू : गावभरचे खिसे बघते मी. पोराचाच राहिला. शर्ट काढला तर खिशात पांढरा लगदा. कागद कुठला, गोळी कुठली, काही कळेना.

सून : मला फोन का नाही केलात? माझ्याकडे त्याच गोळ्या होत्या. मी पहिल्या गाडीने आले असते.

सासू : लाज वाटली.

सून : लाज?

सासू : मी तुला बोलले नव्हते का? त्या मास्तरांचं पेन तुझ्या हातून धुतलं गेलं आणि सहा शर्टांवर शाई पसरली, तेव्हा मी तुला आठ दिवस टोचून खाल्लं. "आमच्या दुकानात तीस वर्षांत असं झालं नाही." आणि आता कुठल्या तोंडाने तुला फोन करू, की मी माझ्याच लेकाचं औषध धुतलं?

सून : केंद्रावर तरी. कार्डावर नंबर होता.

सासू : शनिवार-रविवार केंद्र बंद.

सून : फोन बंद नसतो, आई. त्या ताई स्वतः सांगतात, रात्री-अपरात्री करा.

सासू : सगळं आत्ता कळतंय. तेव्हा डोक्यात एकच बसलं होतं. त्याच ताई दर खेपेला सांगायच्या ना, एकही दिवस चुकवू नका, चुकवलंत तर औषध लागू पडेनासं होतं. तेवढं मात्र मी कोरून ठेवलं होतं. शनिवारी सकाळी आठ वाजले. मी डबा काढला.

सून : नका सांगू.

सासू : सांगू दे. साठ दिवस तोंड शिवून बसलेय, आज थांबवू नकोस. गोळी त्याच्या हातावर ठेवली. तो म्हणाला, "आई, ही वेगळी दिसते." मी म्हटलं, "कंपनी बदलली असेल, घे." त्याने पाणी मागितलं. मी दिलं. घेतली.

सून : तुमच्यावर विश्वास ठेवून घेतली.

सासू : हो.

सून : कितीला सुरू झालं?

सासू : दहाच्या आत. आधी ताप, मग छातीत आवळायला लागलं. इथेच, या टेबलाला धरून उभा होता. म्हणाला, "आई, जरा पंखा लाव." दवाखान्यात पोचेपर्यंत बोलणं बंद. डॉक्टर मला हलवून विचारत होते, याने काय घेतलं, नीट सांगा, काय घेतलं? माझ्या पिशवीत दोन बाटल्या होत्या. एक ही. एक नवीन औषधाची, रिकामी. मी रिकामी पुढे केली.

सून : का?

सासू : जीभ उचलेना. पोर समोर पडलेलं, आणि मी म्हणू की मीच दिलं?

सून : त्यांना खरं कळलं असतं तर कदाचित...

सासू : कदाचित. साठ दिवस रोज हाच शब्द चघळतेय मी. तेवढं मला विचारू नकोस.

सून : एक-दोन दिवस गोळी चुकली असती तर हे मेले नसते, आई. सोमवारी नवीन मिळाल्या असत्या. ताई फार तर रागावल्या असत्या. एवढंच झालं असतं.

सासू : मला माहीत आहे. आता माहीत आहे.

सून : आणि मी नऊ दिवस त्या नवीन गोळीला शिव्या देतेय. रोज उशीत तोंड खुपसून देवाला विचारतेय, असं विष का दिलंस आम्हाला. तुम्ही शेजारच्या खाटेवर ऐकत होतात?

सासू : ऐकत होते. वाटायचं, हिला दुःख आहे, रडू दे, ओसरेल. तू गोळ्या सोडशील हे ध्यानीमनी नव्हतं. आज हात खिशात गेला तेव्हा कळलं. एकाला मी गोळी देऊन घालवलं. दुसरीला गप्प राहून घालवू?

सून : गोळ्या सापडल्या नसत्या तर सांगितलं असतंत?

सासू : नसतं. खोटं कशाला बोलू.

सून : मला आत्ता तुमच्याकडे बघवत नाही.

सासू : नको बघू. मी तुझ्याकडे माफी मागत नाही, मला ती सोसणार नाही. म्हणशील तर मी माझ्या भावाकडे जाते राहायला. पोरीला घेऊन तू इथे राहा, दुकान तुझं. फक्त गोळी परत सुरू कर.

सून : या नऊ आता एकदम घ्यायच्या का?

सासू : नको! एकही नको! लाळ लागलेल्या, ओल्या. मी काही सांगणार नाही, माझं ऐकू नकोस. मी अडाण्यासारखं मनाने ठरवलं आणि काय झालं बघितलंस ना? फोन लाव. ताईंना विचार. त्या म्हणतील तेच.

सून : काय सांगू त्यांना?

सासू : सगळं. माझंही.

सून : ...हॅलो, ताई? मी लाँड्रीतली बोलतेय. हो. नाही, बरी नाही. ताई, मी नऊ दिवस गोळी घेतलेली नाही. ...नाही, संपल्या नव्हत्या. घाबरले होते. ...हो. ...नाही, ताप नाही, काही त्रास नाही. ...घरात मनाने सुरू करू नको? बरं. ...आजच? येते. राहिलेल्या भरून काढायच्या नाहीत, बरं. सगळ्या बाटल्या घेऊन येते. ...ताई, अजून एक आहे. आमच्या यांचं. ते नवीन औषधाने गेले नाहीत. ...हो, खात्री आहे. ...कुणी सांगितलं? सासूबाईंनी. त्या... त्या स्वतः येतायत सांगायला. ...हो, दोघी. ठेवते.

सासू : रागावल्या?

सून : नाही. "बरं झालं फोन केलास" म्हणाल्या. एवढंच. तुम्ही केला असता तरी तेच म्हणाल्या असत्या.

सासू : (पदर डोळ्यांना लावून) केलाच नाही ना मी.

सून : रडू नका आत्ता. मलाही रडायचंय, आपण दोघी एकदम बसलो तर उठवायला कोणी नाही. आज एकला केंद्र बंद होतं. छकुली पाळणाघरातून दीडला येते. चादरी पडू देत.

सासू : हॉटेलवाला?

सून : गेला खड्ड्यात. तुम्हीच म्हणालात. ती जुनी बाटली घ्या. तुमच्या पिशवीत. आज तुम्ही तुमच्या हाताने खिडकीवर द्यायची.

सासू : देते. आणि भावाकडे कधी जाऊ?

सून : ते मला आज विचारू नका. मला माहीत नाही. कदाचित उद्याही माहीत नसेल. पण एक सांगते, यापुढे माझी गोळी तुम्ही हातावर ठेवायची नाही. बाटली मी उघडेन, बघून, वाचून घेईन.

सासू : नाही ठेवणार. लांबून बघू का?

सून : बघा.

सासू : चल मग. कुलूप कुठे आहे? काय झालं, थांबलीस का?

सून : एप्रन आज धुवायला गेला ना. माझ्या ड्रेसच्या खिशात हात घाला, आई. दहावी गोळी आहे त्यात, आज सकाळची.