मुकुटाचा चमचा

“कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये, असं अम्मी सांगायच्या,” हातातला चमचा उलटा करून बघत रशिदा धाकट्या जावेला म्हणाली. पॉलिशवाल्याकडे समईसाठी थांबलेल्या अनसूयाबाईंनी मान वळवली.

“पण इथे कुणाचं भांडं, भाबी? सहाही चमचे आपलेच. नानांनी बोटीवरून आणलेले.”

“नीट बघा, बाई,” पॉलिशवाला हाशिम धाकटीला म्हणाला. “दांड्यावर शिंपला सगळ्यांना आहे. पण पाठीमागे? पाचांवर नांगर, ह्यावर मुकुट. नक्षी तीच, कारखाना दुसरा.”

“काळे पडले होते, दिसणार कसं?”

“मुकुटवाले शकिलाखालांचे, जाहिदा. तुझ्या लग्नात मागून आणलेले. परत देताना एक कमी भरला, तर अम्मी म्हणाल्या, आमच्याकडे आमचे सहाच आहेत. सापडला तर स्वतः आणून देईन, असंही म्हणाल्या. तेव्हापासून खाला आपल्याकडे जेवत नाहीत.”

“अम्मी तर गेल्या. आता पाहुण्यांपुढे पाचच मांडायचे?”

“सहावा पाहुणा हाताने जेवेल.”

हाशिमने चमचे गुंडाळायला कागद फाडला.

“हा मुकुटवाला गुंडाळू नका, भाई.”

रशिदाने शेजारच्या वाण्याकडून साखर घेतली, चमच्यात भरली, वर पदर धरला आणि एक दाणाही सांडू न देता खालांच्या गल्लीकडे चालू लागली.