मोटारीसकट बोट

...नाही, पण मी म्हणतो, बोट न्यायची तर नुसती बोट न्यावी ना माणसानं! त्यात ती हवेची. हवा काढा, गुंडाळा, टाका डिकीत, विषय संपला! पण नाही. आमच्या मेहुण्याची बोट ती. तुम्हाला सांगतो, या मेहुण्यानं बोट दिली ती टम्म फुगवलेली, ट्रेलरवर चढवलेली आणि मागच्या फळीला मोटार लावलेली! मोटार म्हणजे ती, बोट पळवायची, खाली पंखा असतो ना, ती. वर दम! "भावोजी, मोटारीला हात लावायचा नाही हां! मी ती अगदी लेव्हलला बसवलीय!" अरे लेव्हलला काय? घड्याळ आहे का भिंतीवरचं? आणि काढायला लागत होतं काय? हातानं फिरवायचे दोन स्क्रू होते हो... दोन!

आता तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं होतं. कुणाला? बायकोला? अहो, सगळा घाट तिचाच! सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांचं बोलणंच बंद झालं. भांडण नाही, राग नाही... नुसते गप्प. जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस, ज्याच्या आवाजानं थांब्यावरची पोरं दचकायची, तो आमच्याकडे खिडकीशी बसून राहायचा. चहा घेणार, बाबा? मान. जेवणार? मान. मग बायकोच्या डोक्यात आलं, तळ्यावर न्यायचं, बोटीत बसवायचं, पाणी बघून बाबा बोलतील. मला म्हणाली, "हेही नाही जमलं ना, तर मला दुसरं काही सुचत नाही." आणि डोळे पुसले. आता सांगा, यावर मी काय स्क्रूचं बोलणार?

निघालो. गाडी आमची एवढीशी, तिच्यामागे ट्रेलर, ट्रेलरवर ती बोट आणि बोटीच्या शेपटाला ते लोखंडी धूड! प्रत्येक खड्ड्याला धूड मान हलवतंय, फळी करकरतेय... फळी उखडली तर बोट गेली, बोट गेली तर तळं गेलं, आणि मग बाबा... पुढचा विचार करायचा नाही असं ठरवलं आणि तोच करत बसलो. बायको म्हणते, "हळू!" हळू? अहो, सायकलवाले पुढे जात होते! एक तर वळून हसला!

बरं, ऊन चढलं तशी आतली हवा तापली आणि बोट ही टणक झाली! पेट्रोल पंपावरच्या हवावाल्यानं टिचकी मारली. "साहेब, फुटेल ही." मग काय, काढली थोडी हवा, फुस्स! वर म्हणतो कसा, "पण मोटार कशाला लावून ठेवलीय? दोन स्क्रू तर आहेत!" मी बायकोकडे बघितलं, बायकोनं फोन लावला, फोनमधून मेहुणा ओरडला, "हात लावायचा नाही हां!"

पण बोट सैल झाली म्हणजे तिच्यावरचे पट्टेही सैल झाले, हे कुणाच्या डोक्यात आलं? कुणाच्याच नाही! पुढच्या उतारावर मागून दणदणीत आवाज, "थांब!"

मी करकचून ब्रेक मारला. पोलीस? छे! सासरे! मागच्या सीटवर उलटे वळून काचेतून बघतायत! "मोटार झुकलीय. पट्टा सुटतोय. उतर खाली, आवळ!" इतक्या महिन्यांनी बोलले, आणि काय बोलले... आवळ! बायको रडायला लागली, मी आवळायला लागलो.

आणि तिथून जी ड्यूटी सुरू झाली म्हणता! हात खिडकीबाहेर, टपावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. "ट्रक येतोय, डावीकडे घे! येऊ दे... येऊ दे... येऊ दे..." मी एकदा थापेआधीच निघालो, तर केवढे उखडले! "डबल दिल्याशिवाय गाडी हललीच कशी?" खड्डा आला की, "सगळ्यांनी धरून बसा!" सगळ्यांनी? तीन माणसं गाडीत!

पोचलो बाबा एकदाचे! फळी शाबूत, मोटार शाबूत, बोट शाबूत. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू... काठावर बसून घाम पुसला, आणि खोटं कशाला बोलू, डोळेही पुसले. बोट पाण्यात सोडली, बाबांना बसवलं, बायको श्वास रोखून उभी. बाबांनी पाण्याकडे बघितलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. म्हणाले, "छान आहे. परत कधी निघायचं?"

झालं! तेव्हापासून दर रविवारी मेहुण्याकडून बोट आणायची, मोटारीसकट, तळ्यापर्यंत न्यायची आणि काठावरून वळवायची. मी एकदा भीत भीत म्हटलं, "बाबा, मोटार तरी काढू या? दोनच स्क्रू..." तर म्हणतात, "मग मी लक्ष कशावर ठेवू?" पण बोलतात हो! पोटभर जेवतात, मला झापतात, बायको गालातल्या गालात हसते. आणखी काय पाहिजे? परवा शेजारी म्हणाले, "काय राव, बोटिंग जोरात चाललंय!" म्हटलं, चाललंय ना... फक्त त्या पहिल्या दिवसानंतर बोटीला पाणी लागलेलं नाही!