म्हातारी शिंकत नाही

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मालक. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते बॉयलर निरीक्षक साहेब. मंचावरील मान्यवर आणि कारखान्यातल्या माझ्या काका-मावश्यांनो,

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि इथे इंजिनियर म्हणून अगदीच नवखी. बाबा मात्र जन्मभर याच बॉयलरवर आहेत.

साहेब, तुमची जागा आता भरणार नाहीत. नियम मागेच सैल झाला. तपासणी ज्याची त्याने करायची. त्यातून वाईटच झालं असं मी म्हणणार नाही. तपासणीसाठी दरवर्षी आठवडाभर बॉयलर थंड ठेवावा लागे, ते थांबलं. माल स्वस्त झाला, दुसरी पाळी सुरू झाली, माझा भाऊ कामाला लागला. आई तर म्हणाली, "साहेबांची तपासणी गेली ते बरंच झालं गं!" माफ करा साहेब.

पण शेजारच्या कारखान्यानेही आठवडा वाचवला, भाव उतरवले. आता आपण आणखी काय वाचवायचं?

सेफ्टी व्हॉल्व्हला आपण सगळे म्हातारी म्हणतो. दाब वाढला की ती वाफ सोडते. म्हातारी शिंकली की आम्ही पोरं गल्लीतून ओरडायचो, "शंभर वर्षं जग गं!"

काल जेवताना मी विचारलं, "बाबा, हल्ली म्हातारी शिंकत नाही?"

"सर्दी बरी झाली तिची," बाबा हसले. "तिच्यावरचं साहेबांचं सील निघालं, फोरमनने तिची स्प्रिंग आवळली. केवढी वाफ फुकट जायची!"

"आणि दाब?"

"वाढतो थोडा. तू शिकलीस तशी भित्रीच झालीस बघ."

भाऊ म्हणाला, "ताई, बंदबिंद पाडू नकोस हं. आत्ता कुठे चिकटलोय."

सकाळी फोरमनकाकांना गाठलं. ते म्हणाले, "पोरी, आज समारंभ आहे. उद्या बघू."

साहेब, तुमचं एक वाक्य इथे सगळ्यांना पाठ आहे: "आधी बॉयलर, मग चहा." आम्ही तुमच्या नकला करायचो. आज पहिल्यांदाच तुम्हाला आधी चहा मिळणार होता.

बाबा या भिंतीपलीकडे पाळीवर आहेत. बोलायला उभी राहिले तेव्हा वाटलं, माझेच पाय कापताहेत. पण मंचावरचे पेलेही किणकिणताहेत, आणि मघापेक्षा जोरात.

मालक, जाळ बंद करायला सांगा. बाबांना बाहेर बोलवा.

तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. लहान तोंडी काही जास्त बोलले असेन तर पोटात घाला. फक्त आता कुणी चहासाठी थांबू नका. मागच्या दाराने, धक्काबुक्की न करता, बाहेर चला.