पलंगाखालचे दोन तास

...अहो नाही, हसू नका! पलंगाखाली दोन तास पडून बघा एकदा, त्यातला दीड तास सख्ख्या आईच्या तोंडावर हात दाबून, मग हसा! तुम्हाला सांगतो, परीक्षा बायकोची, पण घाम फुटला तो मला. हलायचं नाही, बोलायचं नाही!

झालं काय, बायको रुग्णालयात चादरी धुते. मी गिलाव्याचं काम करतो... करतो म्हणजे, परांचीवरून पडल्यापासून महिन्यातले दहा दिवस करतो. अशात हिनं वर्षभर घरबसल्या मोबाइलवर रुग्णसेवेचा कोर्स केला. पास झाली तर वॉर्डात कायमची नोकरी, नाही तर आहेतच चादरी! खोली आमची एक, त्यामुळे मोबाइलमधले सर शिकवणार हिला आणि ऐकणार सगळं घर. मी ऐकता ऐकता घोरायचो. आई नाही. आई पाठ करायची!

परीक्षाही घरूनच, मोबाइलवर. त्या दिवशी मी आणि आईनं बाहेर जायचं ठरलेलं. दारापर्यंत गेलो, तर आई म्हणते, "अरे, माझा चष्मा!" म्हटलं, "बाहेर काय वाचायचंय तुला?" ऐकतेय कसली! मागे फिरलो, शोधतोय, तेवढ्यात मोबाइलमधून परीक्षेच्या बाई कडाडल्या, "कॅमेरा सुरू झालाय. आता खोलीत दुसरं कोणी दिसलं की परीक्षा रद्द!" आणि दार नेमकं कॅमेऱ्यासमोर! जाणार कुठे? आईला ओढलं आणि सरळ पलंगाखाली. हलायचं नाही, बोलायचं नाही!

अर्धा तास बरा गेला. मग बायको अडली. प्रश्न पुटपुटत वाचायची सवय ना तिला... "बेशुद्ध, पण श्वास चालू असलेल्या रुग्णाला कसं झोपवावं?" आणि पुढे काहीच नाही. एक मिनिट... दोन मिनिटं... आणि इकडे आई फुगत चाललीय! उत्तर येत होतं हो तिला! मी डोळ्यांनी म्हणतोय, नको, ती डोळ्यांनी म्हणतेय, सांगू दे, आणि उघडलंन् की तोंड, "कुशी..." दाबला हात!

"आवाज कसला?" बाई.

मी मनातल्या मनात बायकोला सांगतोय, उंदीर म्हण, मांजर म्हण, काहीही म्हण! पण ही बया म्हणते, "नवरा आणि सासूबाई आहेत, मॅडम. पलंगाखाली. एकच खोली आहे आमची." संपलं! वर्षभराची मेहनत पाण्यात!

"मोबाइल खाली वळवा."

वळवला. बाई आमच्याकडे बघतायत, आम्ही बाईंकडे. मी, आई, आणि आईच्या तोंडावर माझा पंजा. मग बाई म्हणाल्या, "त्या प्रश्नाचे मार्क मिळणार नाहीत. जमिनीवर बसून पुढचा सोडवा. हे दोघंही मला दिसत राहू देत... आणि अहो, तो हात शेवटपर्यंत काढायचा नाही!"

दीड तास! हलायचं नाही, बोलायचं नाही! आई हाताला चावली, तरी नाही काढला.

पास झाली हो! लागली वॉर्डात. आईचं मात्र अजून चालूच, "तो प्रश्न मला येत होता!" आता तिनंही त्या कोर्सला नाव घातलंय. आणि बायकोचा पगार सुरू झाल्यावर आम्ही दोन खोल्यांची जागा घेतली, भाड्यानं का होईना. म्हटलं, चला, आता ऐसपैस राहू! कसलं काय... एका खोलीत बायकोचा पुढचा कोर्स, दार बंद. दुसरीत आईचा वर्ग, दार बंद.

मी? मी जिन्यात बसतो.