मुंडावळ्या बांधून टीव्ही

(कल्याण पश्चिमेला एका फायनान्स कंपनीची शाखा. टेबलापलीकडे तिथला अधिकारी अद्वय, अलीकडे संचिता आणि तिचा नवरा सर्वेश. एसी चालू आहे, पण हवा अद्वयच्याच बाजूला लागते आहे.)

संचिता : परत सांगा. मी कोण नाही म्हणालात?

अद्वय : मॅम, तुम्ही मालन परशुराम मढवी नाही आहात. तुमच्या आधारवर संचिता सर्वेश शिर्सेकर आहे. कर्ज मालन मॅमचं आहे. त्यांच्या फाईलमधली माहिती मी दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही. प्रायव्हसी असते.

संचिता : मग मालन मॅमचं कर्ज संचिताच्या क्रेडिट रिपोर्टात कसं आलं? चालत आलं?

अद्वय : पॅन नंबर एकच आहे ना, मॅम.

संचिता : म्हणजे वसुलीला मी मालन आणि चौकशीला आले की परकी.

अद्वय : तुमचा कन्सर्न मी पूर्ण समजू शकतो.

संचिता : समजू नका हो, नुसतं ऐका. मी बाळकुमची. माहेरी मालन होते. लग्नात याच्या घरच्यांनी नाव बदलून संचिता ठेवलं. हे घ्या प्रतिज्ञापत्र. मालन आणि संचिता ही एकच बाई आहे. नोटरीचा शिक्का बघा, केवढा मोठा मारलाय.

अद्वय : परफेक्ट! मग प्रश्नच मिटला, मॅम. मालन मॅम म्हणजे तुम्हीच. म्हणजे कर्ज तुमचंच.

सर्वेश : झालं! रिक्षात बोललेलो ना मी, तो कागद काढू नको म्हणून?

संचिता : रिक्षात तू बरंच काही बोललेलास. साहेब, बाई मीच आहे. कर्ज मी घेतलेलं नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात का तुमच्या सिस्टिममध्ये?

अद्वय : तसा ऑप्शन येत नाही, मॅम.

सर्वेश : मी काय बोलतो, सेटलमेंट करून टाकू ना. थोडंफार भरू, विषय खतम. कशाला डोकं लावायचं?

संचिता : आणि बँकवाला काय म्हणाला ते विसरलास? रिपोर्टात नुसतं 'सेटल्ड' दिसलं तरी लोन देणार नाही म्हणाला. ठाकुर्लीचा तो गाळा मालकाने माझ्यासाठी धरून ठेवलाय. हॉलमध्ये पोरं सांभाळून जीव मेटाकुटीला आलाय माझा. एक रडलं की सगळी उठतात. जरा बरं, मोठं पाळणाघर काढायचंय मला, माझ्या नावावर. ते नाव स्वच्छ पाहिजे, एवढंच मागतेय.

अद्वय : मॅम, फ्रॉड असेल तर प्रोसेस वेगळी आहे. एक मिनिट, फाईल उघडतो. आता तुम्ही मालन मॅम आहात, त्यामुळे उघडू शकतो. हं. डोंबिवलीच्या दुकानातून टीव्ही घेतलाय. मोठ्या स्क्रीनचा. आधार, पॅन, दोन्ही मालन नावाने. आणि हा फोटो. तुम्हीच ना?

संचिता : मीच. माझ्या कपाळावर काय आहे?

अद्वय : काहीतरी... ज्वेलरी?

संचिता : मुंडावळ्या. लग्न झालंय का हो तुमचं?

अद्वय : नाही मॅम. घरचे बघतायत.

संचिता : मग ओळखून ठेवा, कामाला येतील. मुंडावळ्या बांधून, केसात अक्षता घेऊन टीव्ही घ्यायला कोण जातं? दुकानातल्या माणसाला काय वाटलं, नवरी मांडवातून उठून आली, ईएमआय करून परत बोहल्यावर चढणार?

अद्वय : चेहरा मॅच झाला, मॅम. सिस्टिम फक्त डोळे उघडे आहेत का ते बघते.

संचिता : कुणाचे? थांबा, बंद करू नका. जरा मोठा करा. हा खालच्या कोपऱ्यातला हात... सर्वेश, हा तुझा हात आहे.

सर्वेश : असेल ना. लग्नातला फोटो म्हणजे कुणाकडे पण असतो. फोटोग्राफर, केटरर, कोणी पण.

संचिता : फोटोग्राफर तेव्हा कधीच निघून गेलेला. तुमच्या घरी लक्ष्मीपूजन चाललं होतं. ताटात तांदूळ पसरलेले आणि तू अंगठीने माझं नवीन नाव लिहीत होतास. मी खाली बघत होते. तेवढ्यात सुमित मोबाईल घेऊन ओरडला, 'वहिनी, इकडे बघा!' म्हणून मी वर बघितलं. हा फोटो अल्बमात लावायला मी किती वेळा मागितला त्याच्याकडे! म्हणे, मोबाईल फुटला.

अद्वय : सुमित म्हणजे?

संचिता : माझा दीर. याचा धाकटा भाऊ. रेशनकार्डात नाव चढवतो म्हणून माझी जुनी कागदपत्रं त्यानेच नेलेली. नाव काही चढलं नाही. टीव्ही मात्र चढला भिंतीवर.

सर्वेश : अगं, हळू बोल ना. लोक बघतायत.

संचिता : ऑफिसच्या लकी ड्रॉमध्ये लागला म्हणून घेऊन आला. मी दारात ओवाळलं त्याला. खोक्याला हळदकुंकू वाहिलं. माझ्याच कर्जाला माझ्याच हाताने कुंकू लावलं! सासूबाई रोज त्याच्यावर मालिका बघतात आणि त्यातली सून किती कारस्थानी आहे ते मला येऊन सांगतात.

अद्वय : मॅम, एक पॉझिटिव्ह गोष्ट आहे. सुरुवातीचे हप्ते वेळेवर आलेत. मग थांबलेत. म्हणजे कुणीतरी जबाबदार माणूस...

संचिता : कोणाच्या खात्यातून?

सर्वेश : साहेब, प्रायव्हसी असते ना?

अद्वय : सर, मॅमचं प्रतिज्ञापत्र आहे. त्यांचीच फाईल आहे ही. खातं... सर्वेश शिर्सेकर.

संचिता : हं.

सर्वेश : ऐक ना. मला पण नंतर कळलं. सुमित रडायला लागला, आई जेवायची बंद झाली. मग मी बोललो, गुपचूप भरतो. मध्ये माझा पगार लटकला, राहून गेलं. तुला कशाला टेन्शन द्यायचं?

संचिता : रोज दुपारी पोरं झोपली की मी हेल्पलाइनला फोन लावायचे. संध्याकाळी तुला सांगायचे. आणि तू 'च् च्' करायचास. वर म्हणायचास, काय साले चोर असतात एकेक.

सर्वेश : तसं नाही गं. आई बोलली, ते नाव असं पण पडूनच आहे. तुला तरी आता मालन कोण म्हणतं?

संचिता : बाबा म्हणायचे. हॉस्पिटलमध्ये शुद्ध येऊन-जाऊन होती, तरी मालन म्हणूनच हाक मारली त्यांनी. आणि तुझ्या आईचं काय सांगतोस? लग्न ठरताना त्याच बोललेल्या, मालन गावठी वाटतं, बिल्डिंगमध्ये हाक मारायला कसंतरी होतं. हाक मारायला गावठी आणि उधारीला फर्स्टक्लास? नाव बदललं त्या दिवशी तुमच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले होते मी. कुणाला कळू दिलं नाही. म्हटलं, सगळ्यांचंच बदलतं.

सर्वेश : सॉरी. खरंच सॉरी. आपण घरी जाऊन बोलू ना.

संचिता : साहेब, ती फ्रॉडची प्रोसेस सांगा.

अद्वय : हा आमचा अर्ज, मॅम. सोबत पोलिसांत तक्रार करून तिची प्रत जोडायची. मग आम्ही तपास करतो आणि रिपोर्टातून ही एंट्री काढायला कळवतो. लगेच नाही निघणार, पण तक्रारीची पोच बँकेला दाखवा, कदाचित थांबतील. संशयिताच्या जागी 'अनोळखी व्यक्ती' टाकू? बहुतेक लोक तेच टाकतात.

सर्वेश : हां, अनोळखी. बेस्ट. तेच टाका.

संचिता : ओवाळलंय हो मी त्याला. अनोळखी कसा होईल? सुमित शिर्सेकर लिहा. नातं, दीर.

सर्वेश : अगं, त्याचं लग्न ठरतंय! पोलीस घरी आले तर पोरीकडचे काय म्हणतील?

संचिता : म्हणतील, वेळेत कळलं. तिच्याकडेही आधार-पॅन असेलच.

सर्वेश : आणि आई? आईला काय सांगू मी?

संचिता : सांग, सून कारस्थानी निघाली. त्यांना सवय आहे.

अद्वय : मॅम, इथे सही. आणि साक्षीदार म्हणून कुणाचं नाव घालू?

संचिता : याचं घाला, माझ्या नवऱ्याचं. लिहायला सोपं आहे. जन्मापासून एकच आहे.