दार आत उघडते की बाहेर

जबाब देणारीचे नाव, पूर्ण पत्ता व फोन नंबर वेगळ्या कागदावर घेतले आहेत. वय पंचावन्न. व्यवसाय: दातांच्या कवळ्या तयार करणे. राहणार छापखान्याच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. सोबत राहणारे: थोरला भाऊ, वय एकाहत्तर, रेल्वेच्या डबे बांधण्याच्या कारखान्यातून सुतार म्हणून निवृत्त.

आज पोलीस ठाण्यात माझ्याकडे विचारणा झाली, त्यावरून मला माहीत आहे ते सांगते.

थोरल्या भावाला मी दादा म्हणते, तसेच पुढे लिहावे. वहिनी गेल्यापासून तो माझ्याकडे राहतो. त्याची मुलगी परगावी नोकरीला आहे.

मला रेल्वेचे छोटे डबे करण्याचा नाद आहे. हवालदारांनी आधी 'खेळणी' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले आहे. खेळण्याची चाके फिरली की झाले. मी करते त्यात खऱ्या डब्याची मापे घेऊन सगळे त्याच प्रमाणात लहान करावे लागते. पितळी पत्रा कापायचा, कानशीने घासायचा, सांधे बारीक डाग देऊन जोडायचे, लाकडाच्या पातळ पापुद्र्याची आतली भिंत बसवायची. सामान ठेवायच्या फळ्यांना मी जुन्या चहाच्या गाळणीची जाळी लावते. कवळ्यांच्या कामाची हत्यारे इथेही चालतात. एक डबा माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत भरतो आणि त्याला वर्षाच्या आसपास लागते.

दादा मला मदत करतो. मदत म्हणजे डोक्याला ताप. मी बसवलेल्या दांड्या तो काढून पुन्हा घासतो. वॉर्निशचा ब्रश दुधाच्या भांड्यात बुडवून ठेवतो. चष्मा साबणाच्या डबीत सापडतो आणि तो कोणी तिथे ठेवला म्हणून माझ्याशीच भांडतो. छताला कोणता रंग द्यायचा ते सकाळी स्वतः ठरवतो, संध्याकाळी विचारतो, "हा भिकार रंग कोणी लावला?" मी म्हणते, "तूच." मग रात्रीचे जेवण अबोल्यात. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. स्वभाव पहिल्यापासून असाच आहे, वयाने वाढला, असे मी समजून चालले होते.

चालू भांडण दाराचे आहे. सध्या मी जुन्या लाकडी प्रवासी डब्याची प्रतिकृती करत आहे. त्याच्या दाराला टाचणीची बिजागरी केली आहे, त्यामुळे ते खरोखर उघडते. जुन्या फोटोत दार आत उघडलेले दिसते, म्हणून मीही आत उघडणारे बसवले. दादाने ते पाहिले आणि जे सुरू केले ते काही थांबले नाही.

"बाहेर उघडतं ते. बाहेर!"

"दादा, हा फोटो बघ."

"फोटो उलटा छापलाय. चिमणे, ही दारं मी बसवलीत. तू दात बसव."

हे रोज. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, मी झोपायला दिवा मालवला तरी पलीकडच्या खोलीतून, "बाहेर." दोन वेळा त्याने माझ्या डब्याचे दार बाहेर ओढून बिजागरी मोडली. दोन्ही वेळा मी नवी केली. दुसऱ्या वेळी मी म्हणाले, "एवढी खात्री असेल तर जा आणि खऱ्या डब्याचं दार उघडून बघ." हे शब्द माझे आहेत. त्याच्या कारखान्यातला एक जुना सोबती जिन्यात भेटला होता. तसला एक डबा रेल्वेच्या यार्डात शेवटच्या रुळावर उभा आहे, तोडायला काढलाय, असे तो सांगून गेला होता. दादा ते विसरला असेल असे मला वाटले. नको ते बरोबर लक्षात राहते.

आज सकाळी मी कामावर गेले. एका बाईंच्या मुलाखतीसाठी अख्खी कवळी आजच द्यायची होती, त्यामुळे दुपारी घरी फोन केला नाही. एरवी करते. परत आले तेव्हा घराचे दार सताड उघडे होते. शेगडी बंद होती, ते मी आधी पाहिले. दादाची काठी कोपऱ्यात होती, दादा नव्हता, आणि टेबलावरचा डबाही नव्हता. मी न्हाव्याकडे, वाचनालयात आणि खालच्या शिंप्याकडे विचारले. शिंपी म्हणाला, "टॉवेलात काहीतरी गुंडाळून, तान्हं पोर धरावं तसं घेऊन चालले होते. मी विचारलं कुठे, तर म्हणाले, ड्युटीवर." त्यानंतर ठाण्यातून फोन आला.

मी आले तेव्हा दादा बाहेरच्या बाकावर होता. सदरा घामाने अंगाला चिकटलेला, दोन्ही तळवे सोललेले. मांडीवर टॉवेल, टॉवेलात माझा डबा. डब्याला ओरखडासुद्धा नाही. मला बघून तो म्हणाला, "उशीर केलास."

यार्डाचा पहारेकरी तिथेच होता. त्याचे म्हणणे, म्हातारा परवानगी नसताना डब्यात शिरला आणि दाराची आतली पितळी कडी काढून खिशात घातली, ही चोरी आहे. दादाचे म्हणणे, पहारेकऱ्याने बाहेरून कडी घालून त्याला भर उन्हात कोंडून ठेवले. दोघेही ओरडत होते. हवालदारांनी सांगितले की एकाचे खरे धरले तर दुसऱ्यावर गुन्हा होईल, म्हणून तुम्ही सोबत चला आणि बघा.

त्याप्रमाणे मी हवालदारांबरोबर यार्डात गेले. डबा दाखवण्यात आला. दार लाकडी, मूळचेच. त्याला बाहेरून कडी नाही. कडी असल्याची खूण किंवा भोकही नाही. मी खालच्या पायरीवर उभी राहून एका बोटाने दार ढकलले. ते आत गेले.

आत चढून पाहिले. दाराच्या आतल्या बाजूची धूळ खांद्याच्या उंचीवर पुसली गेली आहे. खाली बुटाचे ठोके आहेत, बरेच. कडीची जागा मोकळी आहे. तिचे स्क्रू नीट फिरवून काढलेले आहेत, एकाच्याही डोक्यावरची चीर बिघडलेली नाही. हे स्क्रू दादाच्या रुमालात गाठ मारून ठेवलेले सापडले, तो रुमाल जप्त आहे. चोर स्क्रू जपून ठेवत नाही. कडी अडकली असेल असे समजून त्याने ती दुरुस्तीसाठी काढली, असे माझे म्हणणे आहे.

यार्डातच पहारेकऱ्याने मला पुढचे सांगितले. त्याला ठोकण्याचा आवाज आला म्हणून तो धावला. बाहेरून ओरडला, "काका, आत ओढा! दार आत ओढा!" आतून उत्तर आले, "मला शिकवू नकोस." आणि पुन्हा ठोके. शेवटी त्याने काकांना मागे सरकायला लावून दार ढकलले. दादाला उतरवत नव्हते, म्हणून पाठीवर घेऊन खाली आणले, सावलीत बसवले, आपल्या बाटलीतले पाणी दिले. हे सांगताना तो हसला आणि म्हणाला, "ज्या दारातून ढकलून आत गेले त्याच दारातून बाहेर पडता येईना. आणि म्हणे आयुष्यभर डबे बांधले!" त्यावर मी त्याला जे बोलले ते जबाबात घेण्याची गरज नाही असे हवालदारांचे मत पडले. मी नंतर त्याची माफी मागितली आहे. पाणी त्यानेच दिले होते.

पहारेकऱ्याने माझ्या भावाला कोंडले नाही. त्याच्यावर कोणताही ठपका येऊ नये. भावाने कडी चोरलेली नाही. ती परत बसवून द्यायला मी तयार आहे, स्क्रू आहेत.

हवालदारांनी विचारले की मग तुमचे बंधू आत अडकले कसे. मी सांगितले, दार कोणत्या बाजूला उघडते ते त्याच्या लक्षात राहिले नाही.

हवालदारांनी विचारले की आत जातानाच त्यांनी ते ढकलले होते ना. मी सांगितले, होय.

हवालदारांनी विचारले, असे पूर्वीही काही झाले आहे का. चष्म्याचे, ब्रशाचे वर लिहून झालेच आहे, असे मी म्हणाले. मग घरी आल्याबरोबर आधी शेगडी का पाहिली, असे त्यांनी विचारले. मी सांगितले की शेगडीखालच्या सिलिंडरची चावी मी कामावर जाताना बंद करून जाते. कधीपासून, असे विचारले. मी सांगितले, पावसाळ्याच्या आधीपासून. त्यांच्या मुलीला कळवले आहे का, असे विचारले. नाही. भाचीने फोनवर दोनदा विचारले होते, आत्या, बाबा बरे आहेत ना, आणि मी म्हणाले होते, हट्टी झालाय, बाकी काही नाही. आज घरी गेल्यावर तिला फोन करणार आहे. डॉक्टरांची वेळ उद्याच घेणार आहे. तो यायला तयार होणार नाही, भांडेल. भांडू दे.

यार्डातून परत आल्यावर दादाने मला बाकावरून विचारले, "बघून आलीस?"

मी म्हणाले, "आले."

"मग? बाहेर उघडतं ना?"

मी हो म्हणाले. तो म्हणाला, "किती दिवस घसा फोडतोय मी." मग टॉवेल उघडून माझा डबा पुढे केला आणि म्हणाला, "बिजागरी फिरव. मी धरतो, तुझा हात हलतो." माझा हात हलत नाही. तरी त्याला मी घरी जाऊन फिरवू असे सांगितले आहे, आणि तसे करणार आहे. हवालदार म्हणाले की बाई, मग ती प्रतिकृती चुकीची होईल. होईल.

माझे भावाविरुद्ध किंवा पहारेकऱ्याविरुद्ध काही म्हणणे नाही.

हा जबाब मला बंद खोलीत, माझ्या विनंतीवरून हळू आवाजात वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे, त्यात बदल करायचा नाही. भाऊ बाहेर बाकावर बसलेला आहे. त्याने कोणालाही विचारले, तर दार बाहेर उघडते असे सांगावे.