हिरवा बेडूक

नाही, पण मला एक सांगा, पक्षाघात झालेल्या बाईच्या हातात कुणी बंदूक देतं का? खरी नाही हो, मोबाइलमधली! पण बंदूक ती बंदूकच ना? आमच्या हिला झटका येऊन चार महिने झाले, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली... एकेचाळीस वर्षं उठता-बसता 'अहो, अहो' चाललेलं, ते एका दुपारी भाजी चिरता चिरता बंद! आणि मी शेजारच्या खोलीत रेडिओ ऐकत बसलोय. आता ह्यावर माणसानं काय बोलावं?

डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्ही बोलत राहा, कानावर शब्द पडू देत." मी काय बोलणार? तुम्हाला सांगतो, मी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, डोळ्याला भिंग लागलं की तोंड बंद! घरातलं बोलण्याचं खातं तिच्याकडे. मग पेपरात ते विज्ञानातल्या नवलाच्या बातम्यांचं सदर येतं ना, ते वाचून दाखवायला लागलो. "ऐकलंस का, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात!" ही आपली छताकडे बघतेय. "जेलीफिशला मेंदूच नसतो, तरी झकास जगतो!" तर मुलगी आतून तरातरा आली, "बाबा! आईसमोर मेंदूचं काय काढता?" घ्या! गप्प बसलो तर चुकलं, बोललो तर त्याहून चुकलं... काय बोलावं माणसानं?

मग ती व्यायाम घ्यायला येणारी पोरगी. "आजी, अंगठा हलायला हवा ना? हे खेळा!" म्हणून मोबाइलवर हेल्मेट घातलेले बेडूक लावून दिले. बंदुका घेऊन एकमेकांवर धडाधड गोळ्या झाडतात, आणि पलीकडून खेळणारी जगातली कुठली कुठली खरी माणसं! ही झुरळ दिसलं तरी सुपलीत घेऊन बाहेर सोडणारी बाई हो! आठवडाभर अंगठा नुसता थरथरला, दुसऱ्या आठवड्यात गोळी सुटली, आणि तिसऱ्या आठवड्यात मी चहा घेऊन येतोय तर खणखणीत आवाज, "मर!"

कप हातातून सुटला! बायको बोलली! धावत गेलो त्या बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे. त्या शांतपणे म्हणाल्या, "असं होतं, काका. ठरवून बोलायचे शब्द जातात, रागाचे कधीकधी राहतात."

"मग बाकीचे कधी येतील?"

"सांगता येत नाही."

"माझं नाव तरी?"

त्यांनी माझ्याकडे न बघता फाईल बंद केली. म्हटलं, वा! रस्ताभर पाय ओढत आलो. घरी येऊन तिच्यासमोर बसलो, छातीवर बोट ठेवलं, "मी कोण? सांग ना, कोण मी?" तर तिचे ओठ नुसतेच वळवळले, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी! मीच मूर्ख. कशाला विचारायचं? आणि आता ह्यावर काय बोलायचं?

दुसऱ्या दिवशी मुलीला म्हटलं, तो बेडूक माझ्याही मोबाइलवर टाक. तिनं मला हिरवा दिला, आणि हिच्याच खेळात सोडला. घड्याळातला केसाएवढा स्क्रू बसवणारी ही बोटं, पण बेडूक पळवता येईना! भिंतीत घुसतोय, पाण्यात पडतोय... तेवढ्यात मागून धाड! आणि पलंगावरून, "मर!"

मला म्हणाली हो! चार महिन्यांत माझ्याशी बोललेला पहिला शब्द! दिवसभर मरत होतो. पंख्याखाली, औषधांच्या बाटल्यांच्या गराड्यात, दोन म्हातारी माणसं... मुलगी दारात तोंड दाबून उभी, हसतेय की रडतेय कळेना. संध्याकाळी माझा हात भरून आला. मोबाइल खाली ठेवला, म्हटलं, "बास आता, दमलो मी."

तिनं माझ्याकडे बघितलं. नीट, डोळ्यांत डोळे घालून. ओठ हलायला लागले, गळ्याची शीर ताणली, आणि एक-एक अक्षर ओढत काढल्यासारखा नवाकोरा शब्द बाहेर आला...

"पुन्हा."

म्हटलं, बरं. चष्मा पुसला, आणि बसलो मरायला.